एकशे वीस सेकंदांचं मौन

पत्र पहिलं
सोमवार, ६ मार्च १९८९

हॉलिस,

आठ वर्षांत मी तुला लिहिलेलं नाही आणि आजही हौसेने लिहीत नाही. पत्रांना क्रमांक घालते आहे. किनाऱ्याच्या पार टोकाला, लुबेकपर्यंत टपाल कसं पोचतं ते मला माहीत आहे. मागचं पुढे आलं तर आधी क्रमाने लाव, मग वाच. ही सवय तुझीच.

२१ फेब्रुवारीला सकाळी रंबल फॉल्सच्या कागद गिरणीत रोमेओ थिबो नावाचा एकोणतीस वर्षांचा माणूस मेला. फाटलेला कागद रोलरला गुंडाळला गेला होता. रोलर थांबवून तो सुरीने कागद कापत होता. रोलर आपोआप फिरले. आधी हात गेला, मग खांदा, मग मान. त्याला रोलरमधून सोडवायला दोन तास लागले आणि सोडवणाऱ्यांपैकी एक जण अजून कामावर आलेला नाही.

ते रोलर चालवणारं संगणकी मशीन आपल्या कंपनीचं आहे, आणि त्या सकाळी ते एकदा बंद पडून पुन्हा उठलं होतं. त्यावर बीकन ऑपरेटिंग सिस्टिम आहे, आणि बीकनचं नेटवर्क अजूनही तू लिहिलेलंच आहे.

चालू-बंदच्या बटणांच्या टेबलाशी रोमेओचा थोरला भाऊ नॉर्मां बसला होता. त्याने चुकून ‘चालू’ दाबलं, लगेच ‘थांब’ दाबून ते रद्द केलं, आणि रोलर थांबलेले पाहूनच भावाला आत जायला सांगितलं, असं तो म्हणतो. गिरणी आणि आपली कंपनी मिळून म्हणतात की त्याने पुन्हा ‘चालू’ दाबलं. म्हणजे भावाला भावाने मारलं.

शुक्रवारी साहेबांनी, म्हणजे हॅझेल्टनने, बैठक घेतली. तुझा कोड दुरुस्त करायचा की काढून फेकायचा? तू गेल्यावर आलेला केंडल नावाचा इंजिनियर आहे, हुशार आहे, तोंडाळ आहे. तो उभाच राहिला.

“एकोणीस हजार ओळी! दहा दिवस वाचतोय. हे नेटवर्क नाही, कब्रस्तान आहे. जिकडे बघावं तिकडे त्या हॉलिस क्रोवेलची सही, एच.सी., एच.सी. आणि एकाही वाक्याला पूर्णविराम नाही. माणूस श्वास तरी घेत होता का?”

“वाचता येत नसेल तर चष्मा बदल,” मी म्हटलं.

“एडना, कुजलेल्या पायाला पट्टी बांधत नाहीत. कापतात.”

“कापणाऱ्याकडे दुसरा पाय तयार असावा लागतो.”

“आहे ना! विद्यापीठाचा कोड फुकट मिळतोय. अर्ध्या देशाची मशीनं त्यावर चालतात. दोन महिने द्या, तुमच्या एच.सी.चा मुडदा पुरून टाकतो.”

हॅझेल्टनने टेबलावर अशी मूठ आपटली की माझी कॉफी माझ्याच मांडीवर आली. “दोन महिने नाहीत. तीन आठवडे. ईस्टरनंतरच्या सोमवारी निर्णय. वकील म्हणतात, जुनं जितक्या लवकर नाहीसं होईल तितकं बरं.”

मी दुरुस्तीच्या बाजूने मत दिलं. तुझ्यासाठी नाही. त्यातली प्रत्येक वेडीवाकडी ओळ कुठल्या तरी ग्राहकाच्या मशीनने आपटी खाल्ली म्हणून घातलेली आहे, आणि ते केंडलला माहीत नाही, मला आहे.

मला एकच उत्तर हवंय. मशीन बंद पडून पुन्हा उठतं तेव्हाचा भाग दुरुस्त होण्यासारखा आहे का? हो किंवा नाही लिही. माझी खुशाली विचारू नकोस. तुझ्या उजव्या हाताची ती दोन बोटं थंडीत अजून आखडत असतील. गाडीच्या दाराने चांगलीच चिरडली होती.

एडना

पत्र दुसरं
मंगळवार, १४ मार्च

हॉलिस,

उत्तर नाही. ठीक. पण हे पत्र वाचल्यावर निदान दाराला कडी घाल.

काल सकाळी नॉर्मां थिबो आपल्या इमारतीत शिरला. हातात ओंडके ओढायचा लांब लोखंडी आकडा होता. पहाऱ्यावरच्या बर्टने “अहो, थांबा,” म्हटलं तर त्याच्या जबड्यावर आकड्याची दांडी बसली. जबडा दोन ठिकाणी मोडला. मग त्याने दर्शनी खोलीतली तीन मशीनं फोडली. घाईने नाही. एकेक खाली ओढून, पडद्यात आकडा घुसवून, फिरवून. काचा माझ्या केसांत होत्या.

“एच.सी. कोण आहे?” तो ओरडत होता. “एच.सी.ला बाहेर काढा! त्याला म्हणू दे माझ्या तोंडावर!”

त्याच्या खिशात एक छापील पान होतं. गेल्या शुक्रवारच्या चौकशीत आपल्या वकिलाने तेच पान हलवून दाखवलं होतं. तुझ्या कोडमधलं पान. तू नव्या लोकांना शिकवायचास ते आठवतंय? मशीन पडून उठलं की लगेच तोंड उघडायचं नाही. तारांमध्ये आणि निरोप पुढे सरकवणाऱ्या मधल्या खोक्यांत जुने निरोप अडकलेले असतात. उठलेलं मशीन पुन्हा पहिल्यापासून क्रमांक मोजू लागतं, आणि तेवढ्यात जुना निरोप आला तर त्याला तो नवाच वाटतो. म्हणून एकशे वीस सेकंद गप्प बसायचं. जुने निरोप तोवर मरतात. तू त्याला ‘मौन’ म्हणायचास.

त्या पानावर मौन एकशे वीस नाही. चार आहे. शेजारी लिहिलंय: ‘इतका जुना निरोप येणं कधीच घडणार नाही. एच.सी., ऑक्टोबर ८०.’

वकील म्हणाला, “हे आमच्या सर्वांत जाणत्या इंजिनियरने लिहिलेलं आहे. कधीच घडणार नाही. म्हणजे मशीनने काही केलेलं नाही. बोट या माणसाचं होतं.”

नॉर्मांने केंडलला भिंतीशी दाबलं आणि आकड्याचं टोक त्याच्या गळ्याला लावलं. “कुठे राहतो?” केंडलने सांगून टाकलं: लुबेक, होड्या दुरुस्त करतो. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या गळ्यावर अजून खूण आहे.

पोलिसांनी नॉर्मांला जमिनीवर पाडून नेलं तेव्हा तो एवढंच म्हणत होता, “मी थांब दाबलं होतं. म्हणा ना कुणीतरी. मी थांब दाबलं होतं.”

तो आज ना उद्या सुटेल. तू काही दिवस बहिणीकडे नोव्हा स्कोशियाला जा. आणि त्या ओळीचं म्हणशील, तर तिच्यावर सही तुझी आहे. तेव्हा तू काय विचार केला होतास ते तुलाच माहीत.

एडना

पत्र तिसरं
सोमवार, २० मार्च

हॉलिस,

नॉर्मां जामिनावर सुटला. गाव सोडायचं नाही असा हुकूम आहे. गिरणीत त्याने सगळ्यांना सांगितलंय की ईस्टरचं जेवण आईबरोबर जेवतो आणि मग लुबेकला जातो. आकडा पोलिसांनी ठेवून घेतला. त्याच्या घरी दुसरा असणारच.

मी तुझ्या होडीच्या कारखान्यात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, “हॉलिस फोनवर येत नाही, बाई. पत्रं घेतो. वाचतो की नाही, देव जाणे.” तू पळणाऱ्यातला नाहीस. तेवढीच तुझी खोड मला आज नडते आहे.

आता केंडलचं. आठवडाभर खोलीत कोंडून घेऊन त्याने नवा कोड आपल्या एका मशीनवर चढवला. गेल्या शनिवारी सगळ्यांसमोर चालवून दाखवला. वेगवान आहे, मी नाकारत नाही. वाचायलाही स्वच्छ आहे. हॅझेल्टन खूश. “मग ठरलं. क्रोवेलचं जुनं काढा. गिरणीतलं पहिलं.”

मी म्हटलं, “मशीन पाडून दाखव.”

“म्हणजे?” केंडल म्हणाला.

“मेलं पाहिजे. तार ओढ. आणि मधल्या खोक्यात एक जुना ‘चालू’ अडकवून ठेव.”

“तुम्हाला माझी फजिती करायचीये.”

“तुझी करून मला काय मिळणार?”

मी स्वतः तार ओढली. मशीन पडलं, आणि आपलं असल्यामुळे सात सेकंदांत उठलं. अकराव्या सेकंदाला मी खोक्यात अडकवलेला ‘चालू’ सोडला. समोर गिरणीच्या रोलरऐवजी एक लहान मोटर जोडली होती आणि तिच्या दातांमध्ये मी बर्टच्या टेबलावरची पेन्सिल धरली होती. मोटर फिरली. पेन्सिलीचा भुगा झाला.

केंडलने कोड उघडला आणि मौन शोधलं. नव्हतंच. एकशे वीस नाही, चार नाही, काहीच नाही. मग तोच हळू आवाजात म्हणाला, “विद्यापीठाच्या मशीनला उठायलाच तीन मिनिटं लागतात. त्यांना ते लिहायची गरजच पडली नाही.” त्यांची चूक नाही. त्यांची मशीनं जड होती. चूक आमची असती, जुनं न वाचता नवं आणणाऱ्यांची.

हॅझेल्टनने स्टेपलर फेकला. मला नाही, भिंतीला, पण माझ्या कानाजवळून गेला. “मग दोन्ही मारके! काय करू मी, बैलगाड्या विकू?”

“मौन परत घाला,” मी म्हटलं.

“आणि चार सेकंद कुणी केले होते ते कोर्टात कोण सांगणार? तो लुबेकचा मुका? तो ‘कधीच घडणार नाही’ म्हणतो तोवर आपण वाचतोय, एडना! ते पान राहील तोवर बोट थिबोचं. दुरुस्ती केली तर आपणच कबूल केलं की घडू शकतं.”

तेव्हा मला कळलं की फेकण्याची घाई कशासाठी आहे. कोड गेला की ते एक पान राहील, तुझी सही राहील, आणि नॉर्मां आयुष्यभर भावाचा मारेकरी राहील.

मी अजून काही बोलले नाही.

एडना

पत्र पाचवं
गुरुवार, २३ मार्च

हॉलिस,

चौथं शोधू नकोस. फाडलं. त्यातही मी खोटंच लिहिलं होतं.

दुसऱ्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोड. ती ओळ तुझी नाही.

ऑक्टोबर ऐंशीमध्ये सहा ग्राहक ओरडत होते: मशीन उठल्यावर दोन मिनिटं मुकं का बसतं? तू म्हणालास, बसू दे. मी म्हटलं, लोक दुसऱ्या कंपनीकडे जातील. तू म्हणालास, माझ्या फाइलला हात लावलास तर हात तोडीन. ते आपण स्वयंपाकघरात बोलत होतो. तू माझा जबडा धरून मला फ्रीजवर आपटलंस. पहिल्यांदा नव्हे. मग तू तळघरात जायला वळलास, दाराच्या चौकटीला हात टेकवलास, आणि मी ते ओकचं दार सगळ्या अंगाचा जोर लावून बंद केलं. दोनदा. पहिल्यांदा तू ओरडलास. दुसऱ्यांदा मी तो ओरडा ऐकूनही केलं.

गाडीचं दार हे तू दवाखान्याच्या कागदावर लिहिलंस. का लिहिलंस ते मी कधी विचारलं नाही. साडेआठ वर्षं मीही तेच सांगत आले, पहिल्या पत्रात तुलाच सांगितलं.

तुला सहा आठवडे टाइप करता येत नव्हतं. नवी आवृत्ती जायची होती. तुझ्या फाइलमध्ये तुझ्या नावाने मी बसले. एकशे वीसचे चार केले. एखादा निरोप चार सेकंदांहून जास्त अडकून राहील असं मला खरंच वाटत नव्हतं. आणि राहिला असता तरी त्या दिवशी मला तुझं काहीतरी कापायचंच होतं. मग ‘कधीच घडणार नाही’ लिहिलं आणि एच.सी. अशी सही केली. तुला ते कधी दिसलं की नाही, मला माहीत नाही. दिसलं असेल तर तू गप्प राहिलास, हे मला जास्त लागतं.

आज दुपारी वकिलाला सांगायला गेले होते. त्याने हात वर केला. “बाई, माझ्या खोलीत हे बोलू नका. मी ऐकलेलं नाही.” हॅझेल्टन म्हणाला, “सोमवारपर्यंत तोंड उघडलंस तर बाहेर.” नॉर्मां रविवारी ईस्टरचं जेवून तुझ्याकडे निघणार आहे. म्हणजे सोमवार फार उशिराचा आहे.

शनिवारी मी रंबल फॉल्सला जाते आहे. पान घेऊन जाते. तुझी जुनी पत्रंही घेते, कारण ती कामाला येतील.

तू मला मारायचास ते मी विसरलेले नाही. हे पत्र तुला माफ करायचं नाही, आणि तुझी माफी मागायचंही नाही. ओळ कुणाची, एवढ्यापुरतं आहे.

एडना

पत्र सहावं
बुधवार, २९ मार्च

हॉलिस,

अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताने लिहिते आहे. एक पान लिहायला अर्धी सकाळ गेली.

थिबोंचं घर गिरणीच्या मागे आहे. सगळ्या गावाला त्या गिरणीचा कुजक्या अंड्यासारखा वास येतो. शनिवार होता, त्यामुळे तिकडच्या रिवाजाप्रमाणे चुलीत घेवड्याच्या दाण्यांचं मडकं होतं. आई टेबलाशी पावाचं पीठ मळत होती. सत्तरीची, आडवी, मनगटं माझ्या दुप्पट. नॉर्मां खिडकीशी बसून आकड्याला कानस लावत होता. दुसरा होताच.

मी उभ्याउभ्याच म्हटलं, “एच.सी. मी आहे.”

नॉर्मां हसला. “ममां, बघ. नवऱ्याने बायकोला पुढे केलंय.”

“आठ वर्षं तो माझा नवरा नाही.”

“मग तर कमाल आहे! सोडलेल्या नवऱ्यासाठी एवढी पायपीट? बाई, कधीच घडणार नाही असं त्याने लिहिलंय. त्यानेच येऊन ते गिळायचं.”

“हे पान बघ. आणि ही त्याची बारा पत्रं बघ. एका तरी वाक्याला पूर्णविराम आहे का?”

त्याने बघितलं. उलटसुलट करून सगळी बघितली. आईने पिठाचे हात पुसले आणि तीही वाकून बघू लागली. कोडची उरलेली पानंही मी पसरली. एच.सी., एच.सी., एच.सी., कुठेच पूर्णविराम नाही. फक्त त्या एका ओळीला आहे. माझे वडील शाळेत व्याकरण शिकवायचे. खोटी सही करतानाही माझ्याच्याने पूर्णविराम सुटला नाही.

“तू थांबच दाबलं होतंस,” मी नॉर्मांला म्हटलं. “तुझं आधीचं रद्द झालेलं ‘चालू’ मधल्या खोक्यात अडकलं होतं. मशीन पडलं, उठलं, ते गप्प बसायला हवं होतं. मी त्याला बसू दिलं नाही. त्याने तुझा मेलेला निरोप जिवंत समजून उचलला. तुझं बोट बरोबर होतं.”

नॉर्मांच्या हातातली कानस पडली. मग तो आकडा घेऊन उठला. चेहरा असा होता की मी डोळे मिटले नाहीत, कारण मिटले तर पडले असते.

आईने त्याला छातीवर हात लावून मागे ढकललं. “तू नाही. तुझ्यावर खटला आहे.”

चुलीची झाकणं उचलायचा लोखंडी दांडा तिने खुंटीवरून घेतला. माझा उजवा हात टेबलावर, त्या पानावर होता. मला तो काढता आला असता. तिने एकदाच मारला. हाडाचा आवाज मला दुखण्याच्या आधी ऐकू आला. पिठात रक्त मिसळलं तर ते किती पटकन घट्ट होतं, हे मला माहीत नव्हतं.

मग कुणी बोललं नाही. मी ओरडलेही नाही. भिंतीवर घड्याळ होतं, त्याचा काटा मला दिसत होता. एक फेरी झाली. दुसरी झाली. नॉर्मां भिंतीला डोकं लावून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. दोन मिनिटांनी आईने दांडा परत खुंटीवर लावला.

“आता बोल,” ती म्हणाली. “काय करणार आहेस?”

“मौन परत घालणार. एकशे वीस. माझ्या नावाने. आणि कोर्टात हेच सांगणार.”

“ते जुनं फेकणार म्हणे. पेपरात होतं.”

“फेकलं तर माझी ओळही त्याच्याबरोबर जाते, बाई. आणि नव्यात मौनच नाही.”

पाठीमागचं दार उघडून बाहेरचा बर्फ तिने टॉवेलमध्ये भरला आणि माझ्यासमोर आदळला. “धर. आणि माझ्या टेबलावरून ऊठ.”

मला गिअर टाकता येईना, म्हणून नॉर्मांने माझी गाडी दवाखान्यापर्यंत चालवली. दारात उतरताना म्हणाला, “लुबेकला जात नाही. पण तुला सोडलंय असं समजू नको. कोर्टात बोलली नाहीस तर तुझा पत्ता माहीत आहे मला.”

“नवा लिहून घे. मी घर बदललंय,” मी म्हटलं. तो हसला नाही, पण पत्ता लिहून घेतला.

आत कारकुनाने विचारलं, “हाताला काय झालं?”

मी म्हटलं, “गाडीचं दार.”

तेव्हा मला कळलं तू ते का लिहिलं होतंस.

सोमवारी हॅझेल्टनच्या टेबलावर मी सही केलेला जबाब ठेवला, एक प्रत पोलिसांना, एक थिबोंच्या वकिलाला आधीच दिली होती. हॅझेल्टन इतका ओरडला की खालच्या मजल्यावरून माणसं आली. शेवटी म्हणाला, “दुरुस्त कर आणि चालती हो.” केंडल माझ्या शेजारी बसला. मी डाव्या हाताने एकेक अक्षर दाबत होते. तो म्हणाला, “मी टाइप करू का?” मी म्हटलं, “नाही. यापूर्वी एकदा असं झालेलं आहे.” त्याला कळलं नाही. काल सहाशे चाळीस मशीनांना नवी आवृत्ती गेली. पुढे पाच-दहा वर्षांनी तो हे सगळं काढेल आणि बरोबरच करेल, पण काढायच्या आधी आता वाचेल.

ओळ अशी आहे: ‘मौन १२०. घडतं. २१ फेब्रुवारी ८९ रोजी घडलं. रोमेओ थिबो. चार मी केले होते, एच.सी.ने नाही. एडना ट्रास्क.’

सगळीकडे पूर्णविराम दिलेत.

खटला मे महिन्यात आहे. मला शिक्षा होईल किंवा नाही होणार. तुला साक्षीला बोलावतील. आलास तर खरं सांग, दारासकट. फ्रीजसकट.

आणि एक. माझी आधीची पत्रं अजून वाटेत असतील. दुसरं, पहिलं, कदाचित दोन्ही उद्याच पोचतील आणि तुला ती ताजी वाटतील. म्हणून लगेच काही लिहू नकोस. आधी ती सगळी येऊ दे, मरू दे. मग तुला काही म्हणायचं असेल तर म्हण.

एडना